समजा

घरत सर फळ्याकडे तोंड करून म्हणतात,
समजा, द्रावण निळं झालं.
आम्ही वहीत लिहितो, निळं.
रसायनांच्या कपाटाला कुलूप आहे,
किल्ली साळुंके बाईंकडे असायची
आणि बाई जूनमध्येच निवृत्त झाल्या.
तर समजा.
ब्युरेटचं रीडिंग
नऊ पूर्णांक आठ, नऊ पूर्णांक आठ, नऊ पूर्णांक नऊ.
गेल्या वर्षीच्या जर्नलात हेच, त्याच्या आदल्या वर्षीही हेच.
शेवटचा नऊ कुणीतरी मुद्दाम ठेवलेला,
खरं वाटावं म्हणून.

सर मूळचे जीवशास्त्राचे.
बेडकाचं हृदय ते एका दमात काढतात, न बघता.
विद्युतरसायन आलं की गाइड उघडतात,
ओळीवर बोट ठेवून वाचतात
आणि बोट निसटलं की म्हणतात,
हे येत नाही परीक्षेला.
मी पाच वर्षांचे पेपर झेरॉक्सवाल्याकडून आणले.
येतं.

असल्फ्याच्या टेकडीवर आमच्या खोलीत
साडेअकरानंतर दिवा माझा.
भाऊ भिंतीकडे तोंड करून झोपतो,
मी मोरीच्या कट्ट्यावर वही टेकवते.
दहावीपर्यंत जे ऋणाग्र होतं
ते अकरावीत कॅथोड झालं,
दोन्ही वेळा कुणी धड ओळख करून दिली नाही.
रात्री घोकलेलं
सकाळी नळाच्या रांगेत उलटं आठवतं:
कोण देतं, कोण घेतं,
कोण झिजतं.

आई साकीनाक्याच्या गाळ्यात बकलं पुसते.
पट्ट्यांची, पितळेची, दिवसाला दोन हजार.
रविवारी डबा द्यायला गेले तर
टाकीत हिरवं पाणी.
कुणी समजा म्हटलं नव्हतं,
ते हिरवंच होतं, कैरीच्या सालीसारखं,
आणि नाकात झोंबत होतं.
मुश्ताकचाचा तारेवर बकलं ओवत होते.
ये माइनस में, म्हणाले, और वो निकेल की पट्टी प्लस में.
उल्टा लगाया तो माल खा जाएगा.
त्यांनी एक खाल्लेलं बकल दाखवलं,
कडा कुरतडल्यासारख्या.
मी ते तळहातावर घेऊन बराच वेळ उभी होते.
आई म्हणाली, डबा गार होतोय.

किती करंट? चार अँपिअर.
किती वेळ? वीस मिनिटं.
बिलाच्या पाठीवर गणित मांडलं,
फॅरडेचा आकडा पाठ होता, पहिल्यांदाच कामाला आला.
दीड ग्रॅमला जरा कमी, मी म्हटलं,
एक पूर्णांक शेहेचाळीस.
चाचांनी हसत बकलं काट्यावर ठेवली,
कोरी असतानाचं वजन त्यांनी आधीच खडूने भिंतीवर लिहिलं होतं.
वाढलं एक पूर्णांक चार.
बाकीचं कुठे गेलं?
बुलबुले में, चाचा म्हणाले, आणि बिडी शोधायला लागले.

सोमवारी स्टाफरूमच्या दारात उभी राहून
मी सरांना तेच विचारलं.
बाकीचं कुठे गेलं?
त्यांनी गाइड उचललं, पानं चाळली,
मागची उत्तरं पाहिली.
मग गाइड मिटलं.
माहीत नाही, म्हणाले.
दोन वर्षांत हे वाक्य
मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.
शाई उडालेल्या खिशाकडे बघत
थोड्या वेळाने त्यांनी विचारलं,
गाळा कुठेशी आहे?

परीक्षेला एकोणीस दिवस होते.
शनिवारी सर आले,
गल्लीतल्या पाण्यातून पँट वर धरून,
हातात नवी वही, दोनशे पानी.
आईने स्टूल पुसलं, बकलं पुसायच्याच फडक्याने.
सर बसले नाहीत.
टाकीवर वाकून बकलांपाशी चढणारे बुडबुडे पाहत राहिले,
चष्म्यावर वाफ आली तरी.
मुश्ताकचाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, वहीकडे.
आप भी? कौन सी क्लास?
सर चष्मा पुसत म्हणाले,
बारावी.